वाचवलेलं कोणाच्या वाट्याचं?

"मॅडम, हप्ता सुरू असताना विसावा हिस्सा द्याचा का?"

वर्षावासातलं वाचन संपल्यावर आमच्या विहारात एका बाईंनी हा प्रश्न विचारला. बाई शिवणकाम करतात. मुलाचा डिप्लोमा आणि शिलाई मशीन यापायी त्यांच्यावर तीन ठिकाणचं कर्ज आहे. त्यांच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. द्यायची मनापासून इच्छा होती, आणि दिलं तर आपलं काही चुकतंय का, अशी धास्तीही होती.

विसावा हिस्सा ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं, की प्रत्येकानं आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा. म्हणजे शंभरातले पाच. माझे वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे. आठवड्याची मजुरी हातात आली की ते पाच टक्के आधी निघायचे आणि देवळीतल्या पत्र्याच्या डब्यात पडायचे. त्या डब्याला घरात कोणी हात लावत नसे. पण वडिलांच्या डोक्यावर बँकेचं कर्ज नव्हतं, कारण हमालाला बँक दारात उभं करत नव्हती. आमच्या पिढीला कर्ज मिळू लागलं. शिकलो, नोकऱ्या लागल्या, पगारपत्रक आलं, त्याबरोबर हप्ते आले. म्हणून हा प्रश्न आमच्या पिढीचा आहे आणि तो माझ्याही घरचा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे पती अकोल्यातल्या एका डाळ मिलमध्ये हिशेब बघतात. आमच्यावर दोन कर्जं आहेत. एक घराचं, बँकेचं. दुसरं पगारदार पतसंस्थेचं, सासूबाईंच्या आजारपणात काढलेलं. पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापून जातो, बँकेचा पाच तारखेला खात्यातून जातो. दोन्ही मिळून तेवीस हजार. उरलेल्यात पाच माणसांचं घर, मुलाची फी आणि मुलीचा क्लास. या हिशेबात विसावा हिस्सा कुठे बसवायचा?

यावर लोक दोन उत्तरं देतात. एक, धर्माला दिलेलं कमी पडत नाही. द्या, दुप्पट मिळेल. हे उत्तर मी मानत नाही. दिलं की मिळतं, हा देवाशी केलेला सौदा झाला आणि तो सौदा आमच्या आईबापांनी १९५६ साली सोडला. दुसरं उत्तर, आधी कर्ज, मग धर्म. हे उत्तर प्रामाणिक आहे आणि बुद्धाच्या शिकवणीत त्याला मोठा आधारही आहे. तरीही ते अर्धंच आहे, असं मला वाटतं. का, ते सांगते.

आधार कोणता, ते आधी बघू. संघात उपसंपदा घ्यायला, म्हणजे भिक्षू व्हायला कोणी आला की त्याला काही प्रश्न विचारायचे, अशी विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, रीत आहे. तू माणूस आहेस ना, स्वतंत्र आहेस ना, कोणाचा दास तर नाहीस ना? त्याच ओळीत एक प्रश्न येतो: तुझ्यावर कर्ज नाही ना? कर्ज बुडवून चीवर अंगावर घेणारे लोक निघाले, लोकांनी बोल लावला, आणि कर्जदाराला प्रव्रज्या द्यायची नाही असा नियम झाला. मला हा नियम फार मोठा वाटतो. संसार सोडण्याचा मार्गसुद्धा सावकाराला चुकवून जाण्यासाठी खुला ठेवलेला नाही. आधी फेड, मग ये. ज्यांना वाटतं की धर्म वरच्या मजल्यावर राहतो आणि वाण्याची उधारी खालच्या, त्यांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा.

अंगुत्तर निकायात कर्जावर एक स्वतंत्र सुत्त आहे. त्यात बुद्ध एकापुढे एक पायऱ्या सांगतात. दारिद्र्य हे दुःख. दरिद्री कर्ज घेतो, ते दुःख. त्यावर व्याज चढतं, ते दुःख. मग तगादा, मग मागे लागणं, मग बंधन. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा क्रम मी आमच्या वस्तीत जसाच्या तसा पाहते. मी एका बचत गटाचा हिशेब लिहिते, त्यामुळे घराघरांतली कर्जं मला माहीत आहेत. गटाचं कर्ज फेडायला मायक्रोफायनान्सचं कर्ज, ते फेडायला सोनं गहाण, आणि सोनं सोडवायला भिशी. शेवटी फोन यायला लागतात आणि बाई फोन उचलायची बंद होते. मूळ सुत्तात पुढे या सगळ्याला आध्यात्मिक अर्थ दिलेला आहे, पण तो अर्थ लागतो तो आधी हे दुःख खरं असल्यामुळेच.

म्हणून काटकसर हा माझ्या मते धर्माच्या बाहेरचा विषय नाही. दीघजाणु नावाचा कोलीय गृहस्थ बुद्धाकडे आला आणि म्हणाला, की आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन-माळा वापरणारी माणसं. आमच्या सुखाचं काही सांगा. बुद्धानं त्याला ध्यानाला बसवलं नाही. मेहनत कर, कमावलेलं सांभाळ, चांगल्यांची संगत धर, आणि सम जीवन जग, असं सांगितलं. सम जीवन म्हणजे आवक आणि जावक ओळखून जगणं, उधळेपणाही नाही आणि कंजूषपणाही नाही. सोनार तराजू हातात धरतो तेव्हा पारडं किती झुकलं, किती उचललं, हे त्याला कळतं, तसं. थोडक्या मिळकतीत थाटानं राहणारा उंबर झोडपून खाणाऱ्यासारखा, आणि भरपूर मिळकत असून हाल काढणारा उपाशी मरणाऱ्यासारखा, असं लोक म्हणतील. कर्जात बुडालेल्या घराला यातलं पहिलं वाक्य सगळे ऐकवतात. दुसरं कोणी ऐकवत नाही.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. ती श्रद्धेची गोष्ट आहेच, पण तिनं गरिबांच्या घरातला कर्जाचा एक दरवाजाही बंद केला. माझी आजी सांगायची, की पूर्वी घरात माणूस गेलं की दुःखाच्या आधी तेराव्याच्या जेवणाची चिंता लागे. तो दरवाजा बंद झाला आणि आम्ही दुसरे उघडले. हळद, डीजे, पहिल्या वाढदिवसाचा हॉल, लग्नाचं कर्ज, नवीन घराच्या परित्राणपाठाला पाचशे माणसांचं जेवण. यातलं काही कापताना मला काहीही वाटत नाही. आमच्या घरात हे सगळं बंद आहे आणि नातेवाइकांना तसं स्पष्ट सांगितलेलं आहे.

खरा प्रश्न पुढे सुरू होतो. थाट कापून झाल्यावरही हप्ता उरतो, आणि मग कात्री स्वयंपाकघरात येते.

आमच्याकडे कात्री आली ती अशी. तूरडाळ रोजची होती, ती दिवसाआड झाली. मधल्या दिवशी चून-भाकर. पावसाळ्यात बाजारातली भाजी कमी करून तरोटा, घोळ, आंबाडी. उन्हाळ्यात मुगवड्या आणि सांडगे घालून ठेवायचे, म्हणजे श्रावणात भाव चढले की तेच शिजवायचे. भाजीबाजारात संध्याकाळी उशिरा जायचं, ढिगाचे वाटे स्वस्त मिळतात. डाळ रात्री भिजवायची, कुकरच्या शिट्ट्या कमी होतात, सिलिंडर चार-पाच दिवस जास्त पुरतं. ज्वारी गावाकडून पोत्यानं आणायची. यात कुठेही हाल नाहीत. चून-भाकर आमच्या वऱ्हाडाचं जेवण आहे आणि तरोट्याची कोवळी भाजी मला पनीरपेक्षा केव्हाही आवडते.

मग दूध आलं. एक लिटरचं अर्धा लिटर केलं. अर्धा लिटर दूध म्हणजे घरातल्या दोघांचे कप बंद. कोणाचे, हे कोणी ठरवलं नाही, तसा एक शब्दही कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मले दूध पचत नाही अलीकडं." माझा चहा मी कोरा करून घेतला. मुलाचा कप तसाच राहिला, पतींचा तसाच राहिला. मुलगी बारावीला आहे, तिचा कप राहिला खरा, पण ती अर्धा कप भावाच्या कपात ओतून देते, हे मला नंतर दिसलं. दूध न पचणाऱ्या सासूबाई माझी नणंद माहेरी आली की तिच्याकडे खिरीचा हट्ट धरतात.

वहीत त्या महिन्यात दुधाचे पैसे निम्मे झाले. वही सांगते, एवढे वाचले. कोणाच्या अंगातून वाचले, ते वही सांगत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा आकडा वाचून आपण सरकारी योजनांवर बोलतो. पण त्याचा काही भाग तरी घराघरांतल्या अशा न बोललेल्या काटकसरीतून येतो, अशी माझी खात्री आहे. बँकेचं देणं कमी होतं आणि बाईच्या शरीरावर तेवढंच चढतं. मग कर्ज फिटलं कसं म्हणायचं? ते फक्त दुसऱ्या नावावर गेलं.

हीच गोष्ट घराबाहेरही होते. पैसे वाचवायचे म्हटलं की पुष्कळ घरांत पहिली कुऱ्हाड धुणीभांड्याच्या बाईंवर पडते. काढून टाकायचं, नाहीतर खाडे मोजून कापायचं, नाहीतर पगार "पुढच्या आठवड्यात देते" म्हणून लांबवायचा. आमच्याकडे येणाऱ्या बाईंचा मायक्रोफायनान्सचा हप्ता मंगळवारी असतो. दहा-बारा बायकांची मिळून जबाबदारी. एकीचे पैसे कमी पडले तर बाकीच्यांनी भरायचे, आणि भरेपर्यंत कोणी जागेवरून उठायचं नाही. मी त्यांचा पगार एक आठवडा लांबवला तर माझ्या खात्यात आठवडाभर दोन हजार जास्त दिसतील, आणि मंगळवारी त्या बाई अकरा जणींच्या नजरा झेलत बसतील. माझा तगादा मी त्यांच्या दारात सोडून आले, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून बँकेचा हप्ता आणि बाईंचा पगार माझ्या वहीत एकाच ओळीत आहेत. दोन्ही देणीच आहेत.

अनाथपिंडिक नावाच्या धनाढ्य उपासकाला बुद्धानं गृहस्थाची चार सुखं सांगितली. घामानं आणि सचोटीनं मिळवलेलं धन असणं, हे पहिलं. ते आपल्यासाठी आणि पुण्यकर्मासाठी वापरणं, हे दुसरं. कोणाचं थोडं किंवा फार काहीही देणं नसणं, हे तिसरं. याला आनण्यसुख म्हणतात. काया, वाचा, मनानं निर्दोष असणं, हे चौथं. आणि पहिली तिन्ही सुखं चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकीही नाहीत, असं शेवटी म्हटलं आहे.

"आधी कर्ज, मग धर्म" हे उत्तर मला अर्धं वाटतं, ते इथे. कर्जमुक्ती हे सुख आहे, बुद्धानं त्याला सुखांच्या यादीत मानानं बसवलं आहे. महाभारतातला युधिष्ठिरही यक्षाला हेच सांगतो: ज्याच्यावर ऋण नाही, ज्याला परमुलखात राहावं लागत नाही, तो घरी उशिरानं का होईना, नुसती भाजी शिजवून खात असेल तरी सुखी. पण युधिष्ठिराचं उत्तर ऋण नसण्यापाशी थांबतं. बुद्ध पुढे जाऊन जणू विचारतात, निर्दोषपणे नाही ना फेडलंस, मग काय फेडलंस? ज्या काटकसरीत कोणाचा घास, कोणाची मजुरी, कोणाचं रक्त गेलं, तिनं तिसरं सुख मिळेल, चौथं जाईल. आणि मोल चौथ्याचं आहे.

यावर मला एक गोष्ट नेहमी ऐकवली जाते. "रमाईनं नाही का काढले दिवस? शेणाच्या गोवऱ्या थापून संसार केला." दर जयंतीला गाणी होतात, मुली नऊवारी नेसून रमाई होतात, आणि शेवटी बायांना सांगितलं जातं, की सोसायला शिका. बाबासाहेबांच्या पत्नी रमाईंविषयी माझ्या मनात जी माया आहे ती मला शब्दांत सांगता येणार नाही. त्यांची चार लेकरं लहानपणीच गेली आणि २७ मे १९३५ ला त्याही गेल्या. पण त्यांच्या सोसण्याचा असा वापर करणाऱ्यांनी, खुद्द बाबासाहेबांनी त्या सोसण्याकडे कसं पाहिलं, तेही वाचावं. १९२८ साली 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. शीर्षक होतं, 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' त्या लेखात ते आपल्या पत्नीबद्दल लिहितात. नवरा परदेशात असताना रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहणारी, हलाखीच्या काळात स्वतःच्या डोक्यावरून शेणीचे भारे नेणारी, आणि तिच्या सहवासात दिवसाचा अर्धा तासही घालवता येत नाही याची खंत. हे सगळं ऋणाबद्दलच्या लेखात आहे. पुढे १९४० मध्ये पाकिस्तानवरचा ग्रंथ आला, तो रमाईंच्या स्मृतीला अर्पण केलेला होता आणि आपल्याबरोबर सोसण्याची त्यांची तयारी त्या अर्पणपत्रिकेत नोंदलेली होती.

याला मी हिशेब म्हणते. रमाईंच्या ताटातून जे गेलं ते बाबासाहेबांनी बचत म्हणून लिहिलं नाही, देणं म्हणून लिहिलं, आणि छापून लिहिलं. आपण त्यांचे अनुयायी म्हणवतो, तर आपल्या घरातल्या बाईनं सोडलेला दुधाचा कप निदान देणं म्हणून तरी लिहायला हवा.

दूध आमच्याकडे पुन्हा एक लिटर झालं. त्याऐवजी दुसरी मोटरसायकल विकली, पती आता बसनं मिलमध्ये जातात, आणि मोबाइलची दोन रिचार्ज बंद केली. पतसंस्थेचा हप्ता तेवढाच आहे. कर्ज एक दिवसही लवकर फिटणार नाही, आणि तेच मला बरोबर वाटतं.

आता विसावा हिस्सा. अनाथपिंडिकाचंच बघा. जेतवन विकत घेऊन दान देणारा हा धनाढ्य उतारवयात गरीब झाला. जातकाच्या कथेत आहे, की व्यापाऱ्यांना दिलेले अठरा कोटी परत आले नाहीत आणि नदीकाठी पुरलेले अठरा कोटी पुरात वाहून गेले. तरी त्याच्या घरचं दान थांबलं नाही. बुद्धानं विचारलं, गृहपती, तुझ्या घरी दान दिलं जातं का? तो म्हणाला, दिलं जातं, पण भरड. कण्यांचा भात आणि सोबत आंबील. बुद्धानं त्याला थांब म्हटलं नाही आणि पूर्वीसारखं दे असंही म्हटलं नाही. दान भरड असो की उत्तम, ते कसं दिलं हे महत्त्वाचं, आदरानं दिलं का, आपल्या हातानं दिलं का, असं सांगितलं.

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना मी माझं मत यावरून सांगितलं. कर्जाच्या रकमेतून दान नाही. ते पैसे तुमचे नाहीतच. दानासाठी उधार नाही. हप्ता, मजुरी आणि घरातल्या प्रत्येकाचं पोटभर जेवण वजा जाता जे उरेल, त्याचा विसावा भाग द्या. तो पन्नास रुपये झाला तर पन्नास. आणि काहीच उरलं नाही तर रविवारी विहारात येऊन वस्तीतल्या दोन मुलींना मशीन चालवायला शिकवा. बाबासाहेबांनी धम्मकार्य म्हटलं होतं, फक्त नाणी म्हटली नव्हती. बाई त्या रविवारपासून येऊ लागल्या. मशीन विहारात नाही, म्हणून मुलींनाच त्या घरी नेतात.

विहारांच्या समित्यांनाही एक विनंती आहे. कठीण चीवरदानाच्या कार्यक्रमात देणगीदारांची नावं आणि रकमा माइकवरून वाचणं बंद करा. रक्कम मोठ्यानं वाचली जाते म्हणून माणूस दुसऱ्याकडून उसने आणून देतो, हे मी गटाच्या हिशेबात डोळ्यांनी पाहिलं आहे. तो पैसा विहाराला लागतो, पण त्याचं व्याज कुठल्या तरी घरातली बाई भरते.

आणि वाचणाऱ्या तुम्हाला एवढंच सांगणं. तुमच्या घरी महिन्याच्या हिशेबाची वही असेल, तिच्यात जमा, खर्च आणि हप्ता असे रकाने असतील. या महिन्यापासून आणखी एक रकाना आखा: वाचले ते कोणाच्या वाट्याचे. प्रत्येक काटकसरीसमोर नाव लिहा. ज्या काटकसरीपुढे पुन्हा पुन्हा त्याच एका बाईचं नाव येईल, ती काटकसर थांबवा आणि हप्ता दुसरीकडून उभा करा.